मिटवून टाकण्याची घाई

आपल्या भागात एका क्रियापदाला फार मान आहे. ते म्हणजे ‘मिटवणे’. बांधावरून भांडण झाले, मिटवा. गुरे शेतात शिरली, मिटवा. सोयरिकीत मानापमान झाला, चार जाणती माणसे बसवा आणि मिटवा. कोर्टाची पायरी चढू नये, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे आणि त्याची टिंगल करावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु हेच क्रियापद रस्त्यावरच्या अपघाताला लावले जाते तेव्हा मोठी गफलत होते, असे माझे मत झाले आहे. बांधाचे भांडण मिटते तेव्हा बांध कुठे आहे हे दोन्ही बाजूंना दिसत असते. अपघातात माणसाचे नेमके काय आणि किती मोडले आहे, हे मात्र मिटवायला बसलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. ज्याचे मोडले त्यालाही नसते.

हे मत पुस्तकी नाही. गेल्या आषाढात पेणहून गाडीने रोह्याला उतरून सायकलने घरी जात असताना, धाटावच्या अलीकडे, एका मोटारीने मला उडवले. मागून आली, मला ओलांडून पुढे गेली आणि लगेच डावीकडे वळली. मी डाव्या कडेने सरळ चाललो होतो. डाव्या नडगीचे हाड मोडले. प्रसंग एवढाच. त्याचे रसभरित वर्णन मित्रमंडळींत पुष्कळदा करून झाले आहे. धडक एका क्षणात संपते. तिच्यानंतर जे सुरू होते ते संपता संपत नाही, आणि मला लिहायचे आहे ते त्याविषयी.

तिसऱ्या दिवशी मोटारमालक हॉस्पिटलात आले. हातात सफरचंदांची पिशवी, आणि सोबत दोन्ही घरांच्या ओळखीचे एक तात्या. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनीच मला उचलून गाडीत घातले होते. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाचे कर्तव्यच आहे. पण ते टाळून सुसाट निघून जाणारे कमी नाहीत, तेव्हा त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. तात्यांनी बोलणे काढले. हॉस्पिटलचे बिल, नवी सायकल आणि वर दहा हजार. बदल्यात ‘आमची काही तक्रार नाही’ असा चार ओळींचा कागद. “पोराचं नशीब थोर, पायावर निभावलं. आता वाढवण्यात अर्थ नाही,” असे तात्या म्हणाले. वडील गप्प होते. दहा हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नव्हे. तेव्हा माझी आत्या, जिने आयुष्यात कोर्ट पाहिलेले नाही, पण भाताची शेती केलेली आहे, ती म्हणाली, “तात्या, आताशी लावणी झालीय. खळ्याचा हिशेब आज कसा करायचा?”

या एका वाक्यात सगळा मुद्दा आला आहे. मी पुढे जे लिहितो आहे ते त्यावरचे भाष्य समजावे.

पेणला शिकणाऱ्याला प्लास्टर ऑफ पॅरिसचे नवल नाही. गणपतीच्या कारखान्यांत हेच पांढरे पीठ कालवून साच्यांत ओतले जाते. जिप्सम भाजून त्यातले पाणी घालवायचे. त्याला पुन्हा पाणी मिळाले की ते गरम होत होत घट्ट होते. १८५१ च्या सुमारास मथायसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टराने ते कापडी पट्टीत भरून मोडलेल्या हाडाभोवती गुंडाळण्याची रीत बसवली. पायाभोवती ते तापू लागले तेव्हा मला कारखान्यातला ओल्या मूर्तीवर ठेवलेला हात आठवला. फरक इतकाच, की मूर्ती घडाभरात साच्यातून बाहेर येते. माझा पाय बाहेर यायला बारा आठवडे लागले. गणपती प्लास्टरमध्ये गेले, नवरात्रात प्लास्टर निघाले.

आणि निघाले म्हणजे बरा झालो, असे जे मी समजत होतो आणि सगळे गाव समजत होते, ते खरे नव्हते. हाड आपल्या गतीने काम करते. आधी मोडल्या जागी रक्त साकळते, मग त्यातून कुर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो, त्यात चुना भरून तो कठीण होतो, आणि त्यानंतर त्या ओबडधोबड गाठीला पुन्हा हाडाचा आकार येण्याचे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. चिंबोरीचे कालवण आणि पायाचे सूप यांनी या कामाला वेग येतो असे आमच्या आळीतील सर्व स्त्रियांचे एकमत आहे. मी दोन्ही भरपूर प्यालो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु गुडघा वाकेना. घोटा वळेना. फिजिओथेरपिस्टने टेप लावून मोजले तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक भरली. ती भरून काढण्यासाठी आठवड्यातून दोनदा रिक्षाने जाणे-येणे, दर वेळी वडिलांचा किंवा भावाचा खाडा. कुबड्या घेऊन पेणच्या गाडीच्या डब्यात चढणे तर अशक्यच. सहामाहीचा अर्धा अभ्यास मित्रांच्या वह्यांच्या फोटोंवर झाला. आणि ज्याची पावती कोणताच दुकानदार देत नाही अशी एक गोष्ट: आजही पाठीमागून मोटारीचा आवाज आला की माझे हात हँडलवर आवळतात आणि मी रस्ता सोडून मातीत उतरतो.

तिसऱ्या दिवशी यातले काय दिसत होते? फक्त बिल आणि वाकलेले चाक.

मोटार आणि सायकल यांची टक्कर मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे. ३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये हेन्री वेल्स नावाच्या माणसाच्या ड्युरिया मोटारीने एव्हलिन थॉमस या सायकलस्वार बाईला धडक दिली. अमेरिकेतला हा पहिला मोटार-अपघात म्हणून सांगितला जातो. बाईंचा पाय मोडला. गंमत अशी, की दुखापत किती आहे हे कळेपर्यंत पोलिसांनी वेल्सला रात्रभर कोठडीत ठेवले. आधी इजा किती ते पाहू, मग पुढचे ठरवू, एवढा विवेक त्या पहिल्या दिवशी होता. त्यांनी वाट पाहिली ती एका रात्रीची, हे खरे. पण वाट पाहिली. इतिहासाने मात्र नोंद केली ती धडकेची. एव्हलिनबाई पुन्हा सायकलवर केव्हा बसल्या, याला तारीख नाही.

आपल्याकडेही तसेच. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नवी मुंबईत नेरूळला टॅक्सीच्या धडकेने अवतार सैनी गेले. इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख, पेंटियम प्रोसेसरच्या घडणीत हात असलेले अभियंते, वय ६८, पहाटे सायकल चालवणारे. वर्तमानपत्रांनी लिहिले, हळहळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु जे वाचतात, आणि ज्यांच्या नावापुढे पदवी नसते, त्यांच्याविषयी कोण लिहिणार? मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. त्या सगळ्या काळात पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात सायकलवरचा माणूस खड्डे, खडी आणि वळवलेले रस्ते चुकवत कामाला जातच होता. त्याची सायकल हा छंद नव्हे, ते त्याचे वाहन आहे.

असा एक जण मला फिजिओथेरपीच्या बाकावर भेटला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी हेल्पर, पिंपे उचलण्याचे काम. गणपतीत त्यालाही मोटारीने ठोकरले आणि उजव्या खांद्यावर निभावले (पुन्हा तोच शब्द!). चौथ्या दिवशी त्याचे प्रकरण मिटले: सात हजार रुपये, नवी रिम आणि एक अंगठा. गळ्यातली पट्टी निघाल्यावर त्याच्या लक्षात आले की हात खांद्याच्या वर जात नाही. जेवता येते, सही करता येते, सायकलही चालवता येते. पिंप उचलता येत नाही. कंत्राटदाराने त्याला झाडलोटीला लावले आहे आणि हजेरी कमी केली आहे. “तुमचं बरं,” तो मला म्हणाला, “तुम्हाला पुस्तकंच उचलायची.” तो कुचेष्टेने बोलला नाही. हिशेब सांगितला.

आणि हाच हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात मांडला आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून अवयवाला किती टक्के अपंगत्व आले एवढेच पाहून भागत नाही, त्या माणसाच्या पोटापाण्यावर काय परिणाम झाला ते पाहायचे, असे न्यायालय म्हणाले. आता मला सांगा, चौथ्या दिवशी, गळ्यात पट्टी असताना, चहाच्या टपरीवर बसून हे कोण पाहणार?

यावर तात्यांचे उत्तर मला ठाऊक आहे. कोर्टात वर्षे जातात, हातात आलेले बरे. वर्षे जातात हे नाकारता येत नाही. परंतु ज्यांना आपण दयेपोटी सोडतो त्या मोटारमालकाच्या खिशातून बहुधा काही जातच नाही, हे तात्या सांगत नाहीत. मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो नेमका याच कामासाठी. तो हप्ता भरतो, आपण दावा करत नाही, आणि दोघेही एकमेकांवर उपकार केल्यासारखे घरी जातात. आमच्या प्रकरणातले गृहस्थ आधी रागावले होते. आम्ही कागदावर सही केली नाही, पोलिसांकडे जबाब दिला, आणि मार्गशीर्षात न्यायाधिकरणाकडे अर्ज गेला. विमा कंपनीचे पत्र हाती पडल्यावर त्यांचा राग पुष्कळ निवळला. परवा बाजारात भेटले तेव्हा पायाची चौकशी करून गेले.

सरकारने काही केले नाही असेही नाही. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार रुपये ठरले. २०२५ मध्ये अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोकड न भरता उपचार देणारी योजना आली. पहिल्या तासात जीव वाचावा म्हणून ती उत्तम आहे. पण आठव्या दिवसापासून माणूस पुन्हा घरच्यांच्या आणि तात्यांच्या हवाली होतो.

आपल्या कॉलेजाच्याही विचारासाठी एक गोष्ट मांडतो. ७५ टक्के हजेरीच्या नियमातून वैद्यकीय दाखल्यावर सूट मिळते आणि मला ती मिळाली. पण सूट म्हणजे न आल्याबद्दल क्षमा. जो तीन महिने घरी पडून आहे त्याच्यापर्यंत तास पोहोचवण्याची काही रीत हवी. माझ्या वाट्याला वह्या पुरवणारे मित्र होते. ज्याला नाहीत त्याने काय करावे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ता सुरक्षेची पथनाट्ये करतो. त्यांत हेल्मेट असते, सिग्नल असतो, दारूबंदी असते. पुढच्या वर्षीच्या पथनाट्यात सफरचंदांची पिशवी आणि चार ओळींचा कागदही असावा, अशी माझी सूचना आहे. तात्यांची भूमिका करायला मी तयार आहे. बोलणे पाठ आहे.

त्या हेल्परची गोष्ट अजून चालू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची मुदत घातली आणि ती २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण गरिबाने त्या भरवशावर बसू नये. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे कामगाराला फुकट वकील मिळतो, हे त्याला मी सांगितले तेव्हा त्याला ते खरे वाटले नाही. मग त्याच्या अंगठ्याच्या कागदाची एक प्रत आणि खांद्याचे एक्स-रे एका पिशवीत घालून आम्ही दोघे जाऊन आलो. वकीलबाईंनी तारखा मोजल्या. अपघात गणपतीतला, सहा महिने शिमग्याच्या आधीच भरतात. पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावले आहे. त्याला त्या दिवशीची हजेरी बुडवावी लागणार आहे, आणि तीही आम्ही खर्चात लिहून ठेवली आहे.