दैनिक प्रार्थनाग्रंथ कसा उघडावा?

गेल्या सुगीत आमच्या धर्मग्रामातील एक तरुण शेतकरी बगलेत एक जाड ग्रंथ घेऊन आमच्या दारी आला. त्याची आत्या मठवासिनी आहे. तिने भाच्याला दैनिक प्रार्थनाग्रंथ भेट दिला होता. ग्रंथ मेजावर ठेवून तो म्हणाला, "फादर, हा आपणच ठेवून घ्या. आठ दिवस आम्ही नवराबायको खटपट करतो आहोत. पाने सापडत नाहीत. आणि सापडली तर त्यांत आमच्या घरचे काही नसते. शुक्रवारी भात घरात आले, सारे आनंदात होते, आणि रात्री हे पुस्तक आम्हांला रडायला सांगू लागले!"

आम्ही ग्रंथ ठेवून घेतला नाही. त्यालाच बसवून घेतले. त्याच्या दोन्ही अडचणी पुष्कळांच्या असतात, म्हणून त्यांचा विचार येथे करीत आहोत.

पहिली अडचण पानांची. हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचावयाचा नसतो. पूर्वी सर्व 150 स्तोत्रे एका आठवड्यात वाटलेली असत. पोप सहावे पॉल यांनी 1970 साली मान्यता दिलेल्या सुधारित रूपात स्तोत्रे चार आठवड्यांत वाटली आहेत. आजचा आठवडा कोणता हे ओळखणे सोपे आहे. सामान्य काळाचा 22 वा आठवडा चालू असेल तर 22 ला चारने भागावे. बाकी दोन उरते, म्हणून दुसरा आठवडा घ्यावा. बाकी काहीच न उरल्यास चौथा घ्यावा. आगमनकाळाच्या आणि प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून आरंभ होतो. ग्रंथाच्या फिती याच कामासाठी असतात: एक स्तोत्रांच्या चालू आठवड्यात ठेवावी, दुसरी त्या काळाच्या प्रार्थनांत, तिसरी संतांच्या सणांत आणि चौथी रात्रीच्या प्रार्थनेत.

तथापि नवशिक्याने चारही फिती एकदम हाती घेऊ नयेत. आरंभ रात्रीच्या प्रार्थनेने करावा. ती लहान असते आणि एरवी दर सात दिवसांनी तीच परत येते. दिवसभराच्या वर्तनाची झडती, स्तोत्र, एक छोटे वाचन, वृद्ध शिमोनाचे गीत, प्रार्थना आणि शेवटी पवित्र मरियेची विनवणी, एवढाच तिचा विस्तार. महिन्याभरात ती अंगवळणी पडली म्हणजे जखऱ्याचे गीत असलेली सकाळची प्रार्थना आणि नंतर मरियामातेचे गीत असलेली सायंप्रार्थना जोडावी.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. त्या तरुणाला खटकले ते शुक्रवारच्या रात्रीचे 88 वे स्तोत्र. दुःखाने सुरू होणारी बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र अंधारातच संपते.

येथे आम्हांला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. गुरुदीक्षेनंतर कितीतरी वर्षे आम्ही ही प्रार्थना सावकाराचा हप्ता फेडावा तशी उरकीत होतो. एका शुक्रवारी गावात लग्न होते. पोटभर जेवून, हसतखेळत परतलो आणि ग्रंथ उघडला, तो हेच स्तोत्र समोर. पान उलटण्याचा मोह झाला. कर्तव्य म्हणून कसेबसे वाचले आणि निजलो. पहाटे खालच्या वाडीतून बोलावणे आले. एका माउलीचे लेकरू रात्री दगावले होते. ती आम्हांला म्हणाली, "फादर, रात्रभर देवाला हाक मारावीशी वाटत होती, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता."

तिचे शब्द त्या रात्री आमच्या हातात होते, आणि आम्ही ते जांभया देत उच्चारले होते! आमच्या प्रार्थनेने ते लेकरू वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या आईचे तोंड दुःखाने मिटले आहे तिच्या वतीने आपले तोंड उघडावे, यासाठीच ख्रिस्तसभेने हा ग्रंथ आपल्या हाती दिला आहे, हे त्या दिवशी आम्हांला उमगले. ही सर्व ख्रिस्तसभेची प्रार्थना आहे. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली प्रापंचिकांनाही ती म्हणण्यास उत्तेजन दिले.

आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "अरे, तुझ्या घरी भात आले हे खरे, पण साऱ्यांच्याच घरी आले का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "नाही फादर. बांधापलीकडच्यांचे सारे पावसात कुजले." आणि ग्रंथ उचलून तो घरी गेला.

वाचकहो, ज्यांच्या घरी असा ग्रंथ आहे त्यांनी तो कपाटातून काढून घरच्या वेदीजवळ ठेवावा. ज्यांच्या घरी नाही त्यांनी जपमाळेनंतर बायबल उघडून 4 थे किंवा 91 वे स्तोत्र म्हणावे आणि लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील शिमोनाचे गीत जोडावे. स्तोत्र आपल्या मनासारखे असेल त्या रात्री ते स्वतःसाठी म्हणावे. नसेल त्या रात्री, ज्याच्यासाठी ते असेल त्याची आठवण करावी, आणि दुसऱ्या दिवशी सवड काढून त्याच्या घरी जाऊन यावे.