हस्तिदंती मूर्ती आणि जगद्गुरूची गादी

इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. तेथील एका घरात १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पुढे १९७३ साली, आज जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या भोकरदन येथे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी उत्खनन केले. त्यात तशाच धाटणीची एक भग्न हस्तिदंती मूर्ती हाती आली. पाँपेईची मूर्तीही भोकरदनच्याच कारागिराची असावी, असा तर्क त्यावरून काही विद्वानांनी केला. तर्क विचारार्ह आहे. परंतु व्यासपीठावर चढताच त्याचा सिद्धांत होतो, आणि सिद्धांताची गर्जना होते की, रोमला संस्कृतीचे धडे आम्ही दिले! या गर्जनेस, याच जिल्ह्याचे रहिवासी असूनही, आमचा विरोध आहे.

प्रथम तर्काचेच पाहू. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षराची खूण आहे, आणि ती लिपी वायव्य प्रांताकडील. तेव्हा मूर्ती तिकडे घडली असेल, किंवा तिकडून गेली असेल; भोकरदनचा हक्क निर्विवाद नाही. तथापि तो क्षणभर मान्य करू. मग सिद्ध काय होते? मूर्तीच्या मस्तकात वरून उभे छिद्र पाडलेले आहे. त्यावरून ती एखाद्या आसनाचा पाय अथवा आरशाची मूठ असावी, असे अभ्यासक म्हणतात. तिला आरंभी लक्ष्मी म्हटले गेले. ती यक्षी असावी असे आता पुष्कळांस वाटते. तिचे नाव त्या घरधन्यास ठाऊक होते, यास तिळमात्र पुरावा नाही. त्याच उद्रेकात मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने तक्रार केली आहे की, हिंदुस्थान दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ही गिऱ्हाइकाची कुरकुर झाली. तिला शिष्याची गुरुदक्षिणा कोणी समजू नये.

वस्तू पोचली म्हणजे विचारही पोचला, हा न्याय लावावयाचा तर दोहों बाजूंनी लावला पाहिजे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती सापडली आहे. म्हणून तत्कालीन करवीरवासी ग्रीकांचे शिष्य ठरले काय? तेथे आपण तत्काळ म्हणतो, छे, तो तर व्यापार! मग पाँपेईतच तो दिग्विजय कसा होतो?

यावर कोणी विचारील की, जगावर भारताचा प्रभाव नव्हताच काय? होता, आणि मोठा होता. तो ओळखण्याची खूण एकच: घेणाऱ्याने घेतलेल्याचे पुढे काय केले? पंचतंत्रातील कथा सहाव्या शतकात पेहलवी भाषेत गेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या. तेथून त्या युरोपात पसरल्या. वाटेत प्रत्येकाने त्यांत आपल्या पदरचे घातले, नको ते गाळले. दशमान अंकपद्धती अरबांनी शिकून घेतली, तीवर ग्रंथ लिहिले आणि ती पश्चिमेकडे दिली. आज कोणत्याही देशीचा वाणी हिशेब मांडताना तिला परकी मानीत नाही. देणाऱ्याचे नाव विसरले जावे इतकी वस्तू जेथे घरची झाली, तेथेच प्रभाव खरा मुरला.

हा भेद विसरल्याने हानी आमचीच होते. हालाच्या गाथासप्तशतीत आमची गोदावरी वाहते. तिच्या गाथांचे शास्त्रीय संपादन जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० व १८८१ साली प्रसिद्ध केले. 'पाहा, जर्मनांनीही गौरव केला' म्हणून आम्ही टाळ्या पिटतो. परंतु ज्या महाराष्ट्री प्राकृतासाठी त्या परदेशस्थाने एवढे श्रम घेतले, ती शिकण्याची तसदी आमच्यातील कितीजण घेतात? परक्याच्या पसंतीवर आपला मोठेपणा मोजणारा समाज आपल्या घरची पोथी उघडीत नाही.

सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्या नावांखाली जगद्गुरुपदाचा दावा नाही. फक्त दानाची नोंद आहे. पाँपेईच्या मूर्तीचे चित्र मिरविणाऱ्या आमच्या तरुण मित्रांस एवढेच सांगणे की, ती नावे स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतील इतकी ब्राह्मी आधी शिका. रोमला काय शिकविले, याची चर्चा त्यानंतर सावकाश करू.