वटवाघळांचा हॉटफिक्स

ऑफिसातला एक मित्र मध्यंतरी मॉरिशसला जाऊन आला. हनिमून, अर्थातच. डबा खाताना त्याने दोनेकशे फोटो दाखवले. समुद्र, बायको, बायकोच्या मागे समुद्र. मी विचारलं, "वटवाघूळ दिसलं का रे?" त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढचे फोटो राहूनच गेले. (सुटलो!)

पण खरंच, ते बघण्यासारखं आहे. टेरोपस नायगर. कोल्ह्यासारखं तोंड, अंगावर दाट केस, खाणं म्हणजे फळं आणि फुलांतला मध. मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन सोडलं तर जगात कुठेही नाही. मॉरिशसवर पूर्वी अशा तीन जाती होत्या. एक कायमची संपली, दुसरी आता फक्त रॉड्रिग्ज बेटावर उरलीये, आणि ही तिसरी.

आता गोची अशी की या साहेबांना लिची आणि आंबा आवडतो. बागायतदार ओरडले आणि सरकारने २०१५ मध्ये सुमारे तीस हजार वटवाघळं मारली. २०१६ मध्ये आणखी काही हजार. २०१८ मध्ये आययूसीएनने ही जात 'संकटग्रस्त' यादीत टाकली, आणि त्याच वर्षी सरकारने पुन्हा मारण्याचा हुकूम काढला!

बरं, निदान फळं तरी वाढली का? नाही. पहिल्या दोन मोहिमांनंतर बागायतदारांचा फायदा वाढला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिप्रोड्यूस न करताच फिक्स प्रॉडक्शनला ढकलला. फळं पक्षी खातात, माकडं खातात, उंदीर खातात, वाऱ्याने पडतात. पण रात्री झाडावर लटकलेलं दिसतं ते वटवाघूळ. मग काय, तिकीट त्याच्याच नावावर.

शेतकऱ्याचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. कोकणात मामाच्या चिकूखाली सकाळी पडलेला अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा मी पाहिलाय, आणि त्यावर मामीच्या शिव्याही ऐकल्यात. नुकसान खरंच आहे. पण त्यावर उपाय आहेत. झाड छाटून बुटकं ठेवा आणि वर जाळी टाका. मॉरिशस सरकार जाळ्यांसाठी अनुदानही देतं. काम कंटाळवाणं आहे, पेपरात फोटो येत नाही, पण चालतं.

आणि मारण्याची किंमत? मॉरिशसचं मूळ जंगल पाच टक्केसुद्धा उरलेलं नाही. तिथल्या झाडांच्या मोठ्या बिया पसरवणारे डोडो आणि महाकाय कासवं माणसाने कधीच संपवली. आता ते काम मुख्यतः या वटवाघळांवर आलंय. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, म्हणजे तीस हजारांची भरपाई काही दोन पावसाळ्यांत होत नाही. याला बॅकअप नाही, रोलबॅकही नाही.

आपण हसू नये. १९७२ च्या आपल्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत 'उपद्रवी' म्हणून बसवली होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली. पन्नास वर्षं लागली!

माझं मत साधं आहे. ज्या उपायाने नुकसान कमी होत नाही तो उपाय नव्हे, राग काढणं आहे. डोडो हरवलेल्या बेटाला तरी हे कळायला हवं होतं.

असो. मित्राला म्हटलंय, पुढच्या वेळी संध्याकाळी जरा वरही बघ.