बक्षिसी ग्राहकाची, जबाबदारी कोणाची?

उपाहारगृहात जेवण झाले की बडीशेपेच्या बशीत बिलाच्या पैशांबरोबर एखादी नोट अधिक ठेवून उठावयाचे, ही रीत महाराष्ट्रातील शहरांत जुनीच आहे. देणाऱ्याला ती औदार्याची वाटते, घेणाऱ्याला ती हवी असते आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला तिच्याशी आपले काही देणेघेणे नाही असे वाटते. वस्तुत: या व्यवहारात सर्वांत मोठा हितसंबंध मालकाचाच असतो. निरनिराळ्या देशांतील तासाच्या मजुरीचे दर आणि तेथील बक्षिसीच्या चालीरीती शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, तर ही गोष्ट ध्यानात येते.

बक्षिसीला फ्रेंच भाषेत ‘पूरब्वार’ म्हणतात, जर्मन भाषेत ‘ट्रिंकगेल्ट’. दोहोंचा अर्थ एकच : पिण्यासाठी दिलेले पैसे. मराठीतील ‘चहापाणी’ त्याच कुळातले. दिवाळीचे पोस्तही त्याच मनोवृत्तीतून आले. वरच्याने खालच्याला खुशीने काही द्यावे आणि खालच्याने ते मान लववून घ्यावे, अशी ही कल्पना आहे. गावगाड्यातील बलुते मात्र तसे नव्हते. त्या व्यवस्थेत जातीची विषमता भरलेली होती हे खरेच. तथापि खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा हा बलुतेदाराचा हक्क मानला जाई, दात्याच्या लहरीवर तो सोपविलेला नसे. हक्क आणि खुशी यांतील हा भेदच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म होय.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. त्या देशात किमान वेतनाचा संघीय कायदा १९३८ मध्ये झाला. १९६६ च्या दुरुस्तीने तो हॉटेले व उपाहारगृहांतील कामगारांनाही लागू झाला; पण त्याच दुरुस्तीने ग्राहकांकडून मिळणारी टिप किमान वेतनाच्या काही भागात जमा धरण्याची मुभा मालकांना दिली. १९९१ मध्ये संघीय किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होते आणि टिप मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने स्वत:च्या खिशातून द्यावयाची किमान रक्कम त्याच्या निम्मी, म्हणजे २.१३ डॉलर होती. १९९६ च्या कायद्याने हे प्रमाण तोडले आणि २.१३ हा आकडा गोठविला. पुढे २००९ मध्ये सामान्य किमान वेतन ७.२५ डॉलरपर्यंत गेले; २.१३ डॉलर मात्र तीन दशके उलटली तरी तसूभरही हलले नाहीत. टिप कमी पडल्यास मालकाने फरक भरून द्यावा, असे कायदा सांगतो. पण तो फरक मागण्याचे धाडस नोकरीच्या भीतीने किती जण करतील? म्हणजे अमेरिकेतील ग्राहक बिलाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम वर ठेवतो, तेव्हा तिच्यातून आधी मालकाच्या डोक्यावरचे वेतन फिटते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, मिनेसोटा आदी सात राज्यांनी ही सवलत नाकारून टिपेशिवाय पूर्ण किमान वेतन देणे बंधनकारक केले आहे आणि तेथील उपाहारगृहे काही ओस पडलेली नाहीत.

आता जपानकडे पाहावे. तेथे २०२४ साली किमान वेतनाची राष्ट्रीय सरासरी तासाला १,०५५ येन होती. त्या वेळच्या विनिमय दराने हे सुमारे सात डॉलर होतात. म्हणजे अमेरिकेच्या संघीय किमान वेतनाच्या आसपासच. तरीही तेथे टिप देण्याची चाल नाही. मेजावर ठेवलेले पैसे विसरून राहिले असे समजून ते परत करावयास वाढपी ग्राहकामागे धावत येतो. यावरून एक गैरसमज दूर व्हावयास हरकत नाही. टिपेची चाल बंद होण्यासाठी देश अतिश्रीमंत असावा लागतो वा मजुरी फार मोठी असावी लागते असे नाही. संपूर्ण मजुरी मालकाकडूनच यावी आणि चांगली सेवा हा कामाचाच भाग मानला जावा, एवढे पुरते.

युरोपने तिसरा मार्ग काढला. फ्रान्समध्ये १९८७ पासून पदार्थांच्या छापील किमतीतच सेवेचे मूल्य धरलेले असावे लागते. २०२४ च्या नोव्हेंबरात तेथील किमान वेतन तासाला ११.८८ युरो झाले. त्यावर ग्राहकाने दोन नाणी ठेवली तर तो शिष्टाचार, न ठेवली तर अपराध नव्हे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय किमान वेतन १९९९ मध्ये आले. परंतु मालकामार्फत वाटल्या जाणाऱ्या टिपेचा भाग त्यात धरण्याची पळवाट २००९ पर्यंत उघडी होती. ती बुजविल्यावरही जमा झालेल्या रकमेला कात्री लावण्याचे प्रकार थांबले नाहीत. म्हणून २०२३ मध्ये खास कायदा करावा लागला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अंमलात आला असून ग्राहकाने दिलेली टिप कामगारांपर्यंत पूर्णत: पोचविणे मालकांवर बंधनकारक झाले आहे.

टिपेच्या बाजूनेही काही म्हणता येते आणि ते नजरेआड करणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या मतदारांनी २०१६ मध्ये टिपेची सवलत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचा कौल दिला. पण पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने तो फिरविला आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत खुद्द अनेक वाढपीही होते. न्यूयॉर्कमधील डॅनी मायर या प्रसिद्ध उपाहारगृह-व्यावसायिकाने २०१५ मध्ये आपल्या उपाहारगृहांत टिप बंद केली, पण २०२० मध्ये त्यांना ती पुन्हा सुरू करावी लागली. कारण उघड आहे. महागड्या उपाहारगृहात शनिवारी रात्री काम करणाऱ्याला टिपेमुळे भरघोस मिळकत होते. पण नियम ठरवावयाचा तो अशा भाग्यवंतांवरून नव्हे. रस्त्याकडेच्या खानावळीत मंगळवारी दुपारी उभा असणारा वाढपी, आणि ज्याच्यापर्यंत टिप पोचतच नाही असा आत भांडी घासणारा मुलगा, यांच्याकडे पाहूनच तो ठरविला पाहिजे.

भारतात तासाच्या मजुरीचा विचार फारसा रुजलेला नाही. येथे मजुरी मोजतात ती दिवसावर वा महिन्यावर. कामाचे तास कोणी मोजत नाही. तासाने मोबदला घेणाऱ्यांत सुशिक्षितांना परिचित असलेला वर्ग म्हणजे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा, आणि शिकविलेल्या तासांपलीकडचे श्रम हिशेबात न धरल्याने काय होते हे त्या वर्गाला कोणी सांगावयास नको. केंद्राने २०१७ मध्ये सुचविलेली तळाची राष्ट्रीय मजुरी दिवसाला १७६ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला २२ रुपये. राज्यांचे व उद्योगवार दर याहून अधिक असतात हे खरे, पण कागदावरचा दर आणि हातात पडणारी रक्कम यांतील अंतर छोट्या हॉटेलांत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

या पार्श्वभूमीवर सेवा-आकाराचा वाद पाहावयास हवा. बिलात आपोआप सेवा-आकार लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ती वैध ठरविली. ग्राहकांनी समाधान मानले ते योग्यच. परंतु हा आकार कामगारांच्या हितासाठी आहे असा युक्तिवाद हॉटेलमालक करीत होते, त्याचा अर्थ काय? कामगारांचे हित जपावयाचे तर ते पगारपत्रकात जपावे, बिलाच्या तळाशी नव्हे. टिप ही ग्राहकाकडून येते, मालकाकडून नव्हे, म्हणून ती ‘वेतन’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका प्राप्तिकराच्या प्रकरणात म्हटले होते. करापुरता सांगितलेला हा विवेक किमान वेतनालाही लागू व्हावयास हवा.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण टिप आता बशीतून मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. घरपोच जेवण आणणाऱ्या तरुणाला ठरलेला पगार नसतो, प्रत्येक फेरीमागे पैसे मिळतात. पावसात भिजून तो दारात उभा राहिला की कंपनीचा पडदा ग्राहकाला दहा-वीस रुपये द्या असे सुचवितो. ते जरूर द्यावेत. परंतु ते देताना, या तरुणाचा तास किती रुपयांचा आहे आणि तो दर कोणी ठरविला, हा प्रश्न ग्राहकाने कंपनीला व शासनाला विचारलाच पाहिजे. अशा कामगारांसाठी प्रतीक्षेचा वेळ धरून तासाचा किमान मोबदला ठरवावा, टिपेची पै न् पै त्यांना मिळते हे हिशेबाने दाखविण्याची सक्ती करावी आणि कोणत्याही धंद्यात टिप वेतनात जमा धरू देऊ नये. एवढे झाले तर बक्षिसीला विरोध करण्याचे कारण कोणालाच उरणार नाही.