एका कोयत्यात दोन माणसे

गणपती उठले की आमच्या कचेरीत जाहिरातींचा मोसम सुरू होतो. मलपृष्ठ कोणाला, रंगीत पान कोणाला, अर्ध्या पानाचा दर यंदा वाढवायचा की नाही, या चर्चा कथा-कवितांच्या निवडीपेक्षा जास्त वेळ चालतात. हे कबूल करायला लाज कसली? जाहिरात नसेल तर हा अंक या किमतीत तुमच्या हाती पडणार नाही.

यंदा दोन साखर कारखान्यांची पाने आली. मजकूर दरवर्षीचाच. वर अध्यक्षांचा फेटा बांधलेला फोटो, खाली उपाध्यक्ष आणि कार्यकारी संचालकांचे छोटे फोटो, आणि मध्ये 'सर्व सभासद, ऊसउत्पादक, अधिकारी, कर्मचारी, तोडणी-वाहतूक ठेकेदार व हितचिंतकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'. मुद्रिते तपासणारी आमची सहकारी बीड जिल्ह्यातली. तिने विचारले, "यात ऊस तोडणारे कुठे आहेत?" मी म्हटले, "ठेकेदारांत धरले असतील." ती काही बोलली नाही. समासात तिने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले आणि पान पुढे सरकवले. उद्योगाची जबाबदारी, समाजाचा विकास आणि सार्वजनिक आरोग्य यांवर विद्यापीठांत आणि रुग्णालयांत जे संशोधन होते त्याचा अंक काढायचा, एवढे आमचे ठरले होते. तो नेमका कुठून सुरू करायचा, हे त्या प्रश्नचिन्हाने ठरवले.

दिवाळी आणि ऊसतोड यांचे पंचांग एकच. दसऱ्याच्या आगेमागे कारखान्यात बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, पेढे वाटले जातात. आणि तिकडे बीड, जालना, परभणीच्या, पाथर्डी-शेवगावच्या गावांतून भांडीकुंडी, शेरडे, कोंबड्या आणि पोरे घेऊन बिऱ्हाडे ट्रकमध्ये चढतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याआधीच घेतलेली असते आणि बहुतेक वेळा खर्चूनही झालेली असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे मोसम संपेपर्यंतचे, चार-पाच महिने संसार पाचटाच्या कोपीत.

उचल मिळते ती कोयत्यामागे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. माणूस एकटाच असेल तर तो अर्धा कोयता. उचल त्याच्या हाती, सही किंवा अंगठा त्याचा, तोडलेले टन कोयत्याच्या नावावर. बाई पहाटे चारला उठून भाकरी थापते, फडावर जाते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, संध्याकाळी परत येऊन पाणी शोधते. वहीत मात्र तिचे वेगळे नाव नसते. दुखले-खुपले आणि काम चुकले तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कोयत्याच्या हिशेबातून वजा. माणसाला अवजाराचे नाव देणारी भाषा आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या धंद्यात इतकी रुळली असेल असे वाटत नाही.

गंमत अशी की या धंद्याच्या महाराष्ट्रातल्या सहकारी अवताराच्या मुळाशी एक संशोधक आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांमुळे लोकांचे नेमके काय भले झाले, थेट किती आणि आडवळणाने किती, याची गावोगावची पाहणी करून संस्थेने १९४८ मध्ये ग्रंथ छापला. पुढे त्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर गाडगीळ सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०च्या अखेरीस तिथे गाळप सुरू झाले. अभ्यासकाने आधी मोजावे आणि मग त्याच मातीत उभे राहून धंद्याची धुरा घ्यावी, असे उदाहरण जगातही फारसे सापडणार नाही. अशा कारखान्यांमागून शाळा आल्या, दवाखाने आले, अभियांत्रिकी महाविद्यालये आली. हे सारे खरे आहे आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण सहकारातला 'सभासद' हा शब्द ऊस पिकवणाऱ्यापाशी थांबला. ऊस तोडणारा कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरून, कोरडवाहू मुलखातून आला. भल्याचा हिशेब मांडताना तो कोणत्याच रकान्यात बसला नाही.

तो बाहेरूनच का आणतात, हा प्रश्न विचारला यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने. त्यांचा अभ्यास दक्षिण गुजरातेतल्या बारडोलीचा, पण त्यातल्या टोळ्या आपल्या खानदेशातून गेलेल्या. १९७८ मध्ये त्यांनी लिहिले की गावातला भूमिहीन मजूर रिकामा बसलेला असताना कारखाने शेकडो मैलांवरून माणसे आणतात, त्याचे कारण मजुरांची टंचाई नाही. परका मजूर रात्री-अपरात्री हाताशी असतो, त्याला जायला घर नसते, आणि मोसम संपला की तो आपल्या दुखण्यासकट निघून जातो. यातले दुखण्याविषयीचे शेवटचे म्हणणे ब्रेमन यांचे नाही, आमचे आहे. पण बीडमध्ये जे पुढे उघड झाले ते पाहता ते चुकीचे ठरू नये.

२०१९च्या उन्हाळ्यात बीडच्या 'पिशवी काढलेल्या' बायकांची बातमी आली. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या बायकांत हे प्रमाण २.६ टक्के होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून एकदम ओरडू नये; वयोगट सारखे नाहीत, पाहण्याची पद्धत सारखी नाही. तरीही सहा पटींहून जास्त अंतर केवळ पद्धतीने पडत नाही.

या आकड्यांवर जे लिहिले गेले त्यात एक सोपी गोष्ट वारंवार सांगितली गेली. मुकादम बायकांना गर्भाशय काढायला लावतात, ही ती गोष्ट. तिला खलनायक आहे, म्हणून ती लवकर पसरली. फडावरच्या बायकांशी बसून बोललेल्यांनी जे ऐकले ते याहून गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणून जास्त अस्वस्थ करणारे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत-बाहेर दोन-तीन बाळंतपणे आणि मग नसबंदी. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला आडोसा नाही. मग अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे. सरकारी दवाखाना लांब, आणि तिथे जायचे तर खाडा. गावी परतल्यावर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात डॉक्टर सोनोग्राफी करतो आणि म्हणतो, ठेवली तर कॅन्सर होईल. घरात विचार होतो: पोरे झालीत, पिशवीचे आता काम काय? ऑपरेशनचा खर्च पुढच्या मोसमाच्या उचलीत जातो. यात मुकादम आहे, डॉक्टर आहे, कारखाना आहे, सरकार आहे, सासरही आहे. प्रत्येकाकडे बोट दाखवायला पुढचा माणूस आहे. संशोधनाचे काम इथे सुरू होते: सुटे सुटे निर्दोष दिसणारे दुवे एका ओळीत लावून दाखवणे.

त्यानंतर काय झाले? बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. बरे झाले. पण नीट पाहा, नियम साखळीच्या शेवटच्या कडीला लागला. पहिल्या कडीला, फडावरच्या पाण्याला आणि आडोशाला, एवढ्या तातडीने कोणी हात घातला नाही. कारण तिथे हात घालायचा तर फड कोणाचा, तोडणी कोणाची, बाई कोणाची कामगार, हे आधी ठरवावे लागते.

दूरच्या एका देशाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये २००२ साली डॉक्टरांनी एक विचित्र बाब नोंदवली. मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण येत होते, पण त्यांना ना मधुमेह होता, ना जुना रक्तदाब. बरेचसे शेतमजूर होते. पुढे शेजारच्या निकाराग्वातही तेच, आणि त्यात ऊस तोडणारे तरुण पुष्कळ. नेमके कारण कोणते यावर वाद अजून चालू आहे. मात्र उन्हात, पुरेसे पाणी न पिता, टनावर मजुरी मिळते म्हणून न थांबता राबणे यावर बहुतेकांचा संशय आहे. तिथल्या काही संशोधकांनी कारणाचा निकाल लागायची वाट पाहिली नाही. एका कारखान्याला राजी करून २०१४-१५च्या मोसमात त्यांनी तोडकऱ्यांच्या एका गटाला तीन गोष्टी दिल्या. पाठीवर अडकवायची पाण्याची पिशवी, फडाबरोबर हलवता येणारी सावली आणि ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती. चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली: त्यांनी कोयता बदलला. कमी वाकावे लागेल, कमी घाव घालावे लागतील असा.

कारखान्याला भीती होती की विसाव्यात काम बुडेल. झाले उलटे. माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली, आणि उष्णतेचे त्रासही कमी झाल्याचे कामगारांनी सांगितले. प्रयोग लहान होता, त्यावर शंका घेता येतात, घ्यायलाही हव्यात. पण तो होऊ शकला, कारण कारखान्याने संशोधकांना दार उघडले आणि प्रत्येक तोडकऱ्याची वेगळी नोंद ठेवली. आपल्याकडे हाच प्रयोग उद्या करायचा म्हटला तर पहिल्याच दिवशी अडेल. बाईने किती टन तोडले, हे लिहिलेलेच नाही.

धंद्याच्या पैशाने संशोधन होऊ नये, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वरचा प्रयोग कारखान्याच्या साथीशिवाय झालाच नसता. धोका वेगळ्या जागी आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना ६,५०० डॉलर दिले. १९६७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन'मध्ये त्यांचा आढावा छापून आला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर ठेवला होता आणि साखरेवरचे पुरावे हलके ठरवले होते. पैसे कोणाचे, हे त्यात लिहिलेले नव्हते, आणि त्या काळी लिहिण्याची सक्तीही नव्हती. कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी जुनी पत्रे शोधून ते उजेडात आणले तेव्हा २०१६ साल उजाडले होते. साखरेच्या धंद्याने कामगाराचे दुखणे मोजू दिले नाही की ग्राहकाचे, असा ठपका ठेवणे सोपे आहे. पण त्या शास्त्रज्ञांच्या जागी आपण असतो तर पाकिटावरचे नाव छापले असते का, हा प्रश्न संपादकाने आधी स्वतःला विचारावा. म्हणून वरच छापले आहे: या अंकात दोन साखर कारखान्यांची पाने आहेत.

आपल्या कायद्याचे थोडक्यात. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करणे भाग आहे. या दोन टक्क्यांवर आपल्या व्यवस्थापन संस्थांत प्रबंधांचा ढीग पडला आहे. कुठे खर्च झाला, किती झाला, कोणत्या जिल्ह्याला मिळाला, कोणता राहिला. नफा मिळवताना काय झाले, याकडे त्यातले थोडे वळतात. आणि सहकारी कारखाना कंपनी नसल्याने हे कलम त्याला लागूच नाही. त्याच्यासाठी दुसरी वाट निघाली: गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये. २०२१-२२ मध्ये राज्यात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला आणि १३७ लाख टन साखर झाली. टनामागे दहा रुपयांनी त्या एका मोसमाचे १३२ कोटी होतात. एवढ्यात कितीतरी वसतिगृहे होतील, कितीतरी तपासण्या होतील, आणि व्हाव्यातच. पण कल्याणाचा पैसा मजुरीच्या वहीतली रिकामी ओळ भरत नाही. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, तोही कोयत्यालाच.

या अंकात अर्थशास्त्राचे, वैद्यकाचे आणि कायद्याचे अभ्यासक लिहीत आहेत. एक लेख साखरशाळेत, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुलांच्या शाळेत, शिकवलेल्या एका गुरुजींचा आहे; त्यात एकही तक्ता नाही, तो आधी वाचावा अशी आमची शिफारस आहे. मतभेदही भरपूर आहेत. आम्ही ते गुळगुळीत केलेले नाहीत.

लेखक, वाचक, विक्रेते आणि जाहिरातदार यांना दिवाळीच्या शुभेच्छा. जाहिरातदारांतल्या दोघांना, आणि पुढच्या वर्षी येतील त्या सगळ्या कारखान्यांना एक विनंती. शुभेच्छांच्या मजकुरात दोन आकडे घाला: या मोसमात तुमच्या फडांवर किती बायकांनी ऊस तोडला, आणि त्यांतल्या किती जणींची मजुरी त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली. दुसरा आकडा शून्य असला तरी चालेल. त्या पानाचे पैसे आम्ही घेणार नाही.