साठ-एकोणीस आणि एकोणऐंशी

इतवारीतल्या एका किराणा दुकानात परवा नातवाला बरोबर घेऊन गेलो असता, गल्ल्यावर बसलेल्या शेटजींनी बेरीज करून 'उन्यासी' असे सांगितले, मी ते नातवासाठी 'एकोणऐंशी' असे फिरवले, आणि तरीही तिसरीतल्या त्या बालकाचा चेहरा कोराच राहिला. 'सेव्हंटी नाइन' कानी पडले तेव्हा कोठे तो उजळला. १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी असलेल्या आमच्या या द्विभाषिक नगरात असली तारांबळ कोणाला नवी वाटणार नाही. मला मात्र २०१९ साल आठवले. त्या वर्षी बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक', सदुसष्टला 'साठ सात' असे वाचन सुचविले आणि महाराष्ट्रभर गहजब उडाला. जोडाक्षरांनी भरलेले आणि लिहिण्याच्या उलट क्रमाने उच्चारले जाणारे हे शब्द कोवळ्या मुलांना जड जातात, एवढेच गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते. टीकाकारांनी त्यांच्यावर थेट भाषा मोडल्याचा आरोप ठेवला.

मोडलेल्या म्हणून हिणवलेल्या भाषा संख्यांचे काय करतात, हे पाहायचे तर क्रिओल भाषांकडे वळावे. परस्परांची वाणी न जाणणाऱ्या गुलामांनी, मजुरांनी आणि धन्यांनी मळ्यांवर व बंदरांत कामापुरती जुळविलेली बोली पुढच्या पिढीची मातृभाषा झाली की ती क्रिओल. तशी एक आपल्या रायगड जिल्ह्यात, कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत, पोर्तुगीजांचा अंमल १७४० साली उठल्यावरही आजतागायत नांदते आहे. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटाची पापियामेंतु पोर्तुगीज-स्पॅनिश वंशाची. त्या दोन्ही भाषांत अकरा-बारा हे आपल्यासारखेच घट्ट विणलेले, सहजी न उकलणारे शब्द आहेत. पापियामेंतुने ते टाकून 'दिएसुन', 'दिएसदोस', म्हणजे सरळ दहा-एक, दहा-दोन, असे शब्द केले. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये एकवीस म्हणजे 'तुपेला तेन वान': दोन दहा, एक. नारळीकरबाईंचे 'वीस एक' ते हेच, आणि कोणत्याही समितीने फर्मान न काढता रूढ झालेले.

परंतु एवढ्यावर निकाल दिला तर तो एकतर्फी होईल. १९७५ च्या जानेवारीत पहिल्या विश्व हिंदी संमेलनासाठी नागपुरास आलेले शिवसागर रामगुलाम ज्या मॉरिशसचे पंतप्रधान होते, आणि जेथे गिरमिटावर गेलेल्या मराठी कुटुंबांचे पुष्कळसे वंशज आज घरी क्रिओल बोलतात, तेथे आमच्या शेटजींची रक्कम 'स्वासांत-दिझनेफ' होते, म्हणजे साठ-एकोणीस. आणि ऐंशी म्हणजे 'कात्रव्हें', चार वीस. फ्रेंच मालकाच्या तोंडचा हा अवघड हिशेब हैतीच्या क्रिओलनेही जसाच्या तसा उचलला. (बेल्जियममधले फ्रेंचभाषक सत्तरासाठी सुटसुटीत 'सेप्तांत' वापरतात, हे त्या गरिबांना कोण सांगणार!) तेव्हा सोपेपणा हा भाषेचा अटळ कायदा नव्हे, रोजच्या देवघेवीत जो शब्द अखंड कानी पडतो तो कितीही वाकडा असो, टिकतो.

म्हणून माझे मत असे की 'सत्तर नऊ' वर्गात शिडी म्हणून खुशाल वापरावे, त्याने मराठी बुडणार नाही. पण शिडीवरून पोर जेथे उतरायचे त्या बाजारात 'एकोणऐंशी' कोणी उच्चारते का, याची काळजी टीकाकारांनी आधी करावयास हवी होती. आम्ही लहानपणी सुटे पैसे मुठीत घेऊन निघालो की रस्ताभर रक्कम पुटपुटत जात असू, आणि उरलेली मोड मोजताना चूक झाली तर घरी बोलणी खात असू. आता मोडही नाही आणि मोजणीही नाही. मी भ्रमणध्वनी चौकोनी चिन्हासमोर धरला, रक्कम आकड्यांत टिपली, कोणी काही बोलले नाही; बोलली ती गल्ल्यावरची इवलीशी पेटी: 'उन्यासी रुपये प्राप्त हुए.' नातवाला तिचा तो ठसका भारी आवडला. घरापर्यंत तो तेच म्हणत आला.