माकडतापाची नवी लस: काजूच्या बागेत राबणाऱ्यांना कोण विचारणार?

सिंधुदुर्गात काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकाच वेळी येतो. जानेवारी ते मे या काळात दोडामार्ग, सावंतवाडी भागातली माणसं काजू वेचायला, लाकूडफाटा आणि पातेरा आणायला रानात जातात. याच दिवसांत रानात गोचिडींची पिल्लंही वाढलेली असतात. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात या आजाराची साथ आली आणि तेव्हापासून जिल्ह्यात दर उन्हाळ्यात त्याची धास्ती असते.

आता या आजारावर नवी लस तयार होत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीसोबत त्यावर काम करत आहे. ही लस ज्यांना घ्यायची आहे, त्यांचं म्हणणं ती घडत असतानाच ऐकलं जाणार का, हा खरा प्रश्न आहे.

माकडताप म्हणजे काय?

या आजाराचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात त्याचा विषाणू सापडला. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. माणसाकडून माणसाला होत नाही. अचानक चढणारा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि काहींना रक्तस्राव अशी लक्षणं दिसतात. लागण झालेल्या शंभरातले साधारण ३ ते ५ जण दगावतात. यावर खास असं औषध नाही.

जुन्या लसीचं काय झालं?

कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, नंतर सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे काही वर्षं दरवर्षी एक, असं तिचं वेळापत्रक होतं. २००५ ते २०१० या काळातल्या माहितीच्या अभ्यासात दोन डोसचा परिणाम सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के दिसला. पण पुढचे डोस घ्यायला अनेक जण आलेच नाहीत. इंजेक्शन दुखायचं आणि दुखलेल्या हाताने दुसऱ्या दिवशी मजुरीला जायचं, ही अडचण होती. नंतर लसीची ताकदच अपुरी ठरली आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला.

यातली ताकदीची त्रुटी प्रयोगशाळेत कळते. लोक दुसऱ्या डोसला का येत नाहीत, हे मात्र गावात विचारल्याशिवाय कळत नाही.

रुग्णांचा सहभाग म्हणजे नेमकं काय?

चाचणीत स्वतःला लस टोचून घेणं म्हणजे सहभाग नव्हे. डोस किती, कधी आणि कुठे द्यायचे, कोणता त्रास सहन होईल, संमतीपत्राची भाषा कशी असावी, हे ठरवतानाच आजार भोगलेल्यांना सोबत घेणं म्हणजे सहभाग. लस सुरक्षित आहे की नाही, हा निर्णय अर्थातच तज्ज्ञांचा.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. देशातली पहिली एचआयव्ही लसचाचणी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. या संस्थेच्या संशोधनात समाजातल्या लोकांचं सल्लागार मंडळ असे. २०१९ च्या औषधचाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. पण ही समिती तयार आराखडा तपासते. आराखडा घडताना रुग्ण तिथे असेलच, याची हमी नियम देत नाही.

सिंधुदुर्गात काय विचारता येईल?

प्रश्न साधे आहेत. सगळे डोस काजू हंगामाआधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत संपतील का? लस आरोग्य केंद्रात हवी की वाडीत, तीही मजूर घरी परतल्यावर संध्याकाळी? घाम येणाऱ्या अंगावर गोचिडींना दूर ठेवणारं तेल किती वेळ टिकतं? ताप आल्यावर तपासणीसाठी रुग्णाला कुठवर जावं लागलं आणि मजुरीचे किती दिवस बुडाले?

याची उत्तरं माकडतापातून उठलेल्या माणसांकडे आणि त्यांना बांबोळीच्या रुग्णालयात घेऊन गेलेल्या नातेवाइकांकडे आहेत. आशा कार्यकर्त्या आणि ग्रामसभा यांच्यामार्फत ती गोळा करायला फार खर्च येत नाही. मात्र हे काम लसीचं वेळापत्रक ठरण्याआधी व्हायला हवं. एकदा वेळापत्रक मंजूर झालं की ते बदलण्यासाठी पुन्हा चाचणीची गरज पडू शकते आणि तोवर काजूचे आणखी काही हंगाम उलटलेले असतील.